पुलावरचा पांढरा पट्टा

चंद्रकांताबाईंच्या हातात नारळ दिला की त्या आधी तो कानाशी हलवून बघत, मग बोटाने टिचकी मारत, मग नाकाशी नेत, आणि एवढं सगळं करून झालं की देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. नारळ स्वतःच्या वाडीतला असला तरी हे चुकत नसे. वटार गावात त्यांच्या आळीतल्या बायका म्हणायच्या, राऊतकाकी देवळातलं तीर्थसुद्धा वास घेऊन पितात. यात थोडं तिखटमीठ असेल, पण फार नाही.

वयाची सत्तरी आली तरी बाईंची पाठ ताठ होती. हातात काठी असे, पण तिचा आधार त्यांना लागत नव्हता. पुढची जमीन ठोकून बघायला ती लागायची. आधी काठी टाकायची, आवाज ऐकायचा, मग पाऊल. घरातल्या फरशीवरसुद्धा त्या असंच चालत, आणि मुलगा भावेश वैतागून म्हणायचा, "आई, ही फरशी मी बसवून घेतलीय, ती कुठे जात नाही." त्यावर बाई म्हणत, "तू बसवलीस म्हनूनच."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाईंचं तोंड कुठे पोळलं होतं ते समजायचं तर त्यांच्या माहेरी जायला हवं, आणि माहेरी जायचं तर पुलावरून.

नायगावच्या पुढे नदी रुंदावून खाडी होते. त्या खाडीत खारबेट. भातखाचरं, एक मिठागर, दोन-चार वाड्या आणि मधोमध गाव. बेटाच्या एका टोकाला घासून जुना लोखंडी रेल्वेपूल गेलेला. खाली दगडी खांब, वर लोखंडाच्या तिरक्या-उभ्या पट्ट्यांची त्रिकोणी जाळी, आणि जाळीच्या पोटातून रूळ. साहेबाने तो बांधायला काढला तेव्हा चंद्रकांताबाईंची आजी परकरी पोर होती. विलायतेहून आलेलं लोखंड पडावांतून खाडीत यायचं, आणि पाण्यात उभारलेला खांब काही केल्या ठरेना. झालं, बेटावर आवई उठली की पुलाला पोराचं डोकं पाहिजे. साहेबाची माणसं पोती घेऊन फिरतात म्हणे. आजीच्या आईने आजीला भाताच्या कणगीत लपवलं. पुढे खांब ठरला, पूल उभा राहिला, डोकं कोणाचंच गेलं नाही. पण आजी म्हातारी होऊन मरेपर्यंत त्या पुलाकडे तिरक्या नजरेनेच बघायची. म्हणायची, "त्याने मागितलं नसंल, पन इसरला पन नसंल."

म्हणजे संशय हा बाईंच्या घराण्यातच मुरलेला. आपण एकट्या त्यांनाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

गाडी बेटावर कधी थांबली नाही, पण पुलाने बेटाला वाट दिली. रुळांच्या कडेने फळ्यांची अरुंद पट्टी होती, तिच्यावरून माणसं नायगावला जात-येत. गाडी आली तर उभं राहायला बाजूला बाहेर काढलेले, कठडा घातलेले लहानसे सज्जे होते. त्यांना बेटावर कोनाडे म्हणत. गाडीचा आवाज आला की जवळच्या कोनाड्यात शिरायचं, लोखंड धरायचं आणि शेवटचा डबा जाईपर्यंत हलायचं नाही, असा बेटाचा नियम. लग्नाची वरात पुलावर आली की वाजंत्रीसुद्धा गप्प व्हायची. चंद्रकांताबाई स्वतः लग्न होऊन वटारला निघाल्या त्या दिवशी शालूचा ओचा वर खोचून, सनई मुकी ठेवून, गाडीच्या आवाजाकडे कान लावत पुलावरून आल्या.

पण हे नंतरचं. तोंड पोळलं ते लहानपणी. आईबरोबर त्या केळ्यांची पाटी घेऊन बाजाराला निघाल्या होत्या. पुलाच्या तोंडाशी रुळांवर काम करणारा एक माणूस बसला होता. आईने विचारलं, "गाडी हाय का?" तो म्हणाला, "नाय गं, जा बिनधास्त." मधोमध पोचल्या आणि समोरून नुसतंच इंजिन आलं. कोनाड्यात आधीच कोणाचंसं गवताचं ओझं ठेवलेलं. आईने पोरीला त्याच्यावर ढकललं आणि स्वतः कोनाड्याच्या बाहेरून लोखंडाला मिठी मारून लटकली. इंजिन गेलं. केळी खाडीत गेली. आई वाचली. पण पुलाच्या त्या गोल डोक्यांच्या रिव्हेटांचे ठसे तिच्या तळहातांवर पुढे बरेच दिवस होते, आणि तेच हात लेकीच्या गालांना लावून ती म्हणाली, "चंदे, कोनाच्या शब्दावर पाय टाकू नको. आपल्या कानाने ऐक, आपल्या डोल्याने बघ."

चंद्रकांताबाईंनी ते ऐकलं आणि जन्मभर पाळलं.

पुढे बाजूला सिमेंटचा नवा पूल झाला, गाड्या तिकडून जाऊ लागल्या. जुन्या पुलाचे रूळ उचलून नेले, फळ्यांच्या जागी लोखंडी पत्रे टाकले, आणि पूल माणसांना राहिला. पण खोड जात नाही म्हणतात ते खरं. शेजारच्या पुलावरून गाडी धडधडत आली की जुन्या पुलावरची माणसं अजूनही कोनाड्यात शिरून लोखंड धरून उभी राहतात. नवी माणसं हसतात. बेटावरची हसत नाहीत.

बेटावर आता बाईंचं एकच माणूस उरलं होतं, थोरला भाऊ भालचंद्र. बायको गेली, पोरगी लग्न होऊन लांब गेली, गुडघे बसले. होडीत चढणं-उतरणं त्याच्याने होत नव्हतं आणि बेट सोडायला तो तयार नव्हता. बाईंनाही होडीत बसलं की पोटात ढवळे. तेव्हा दर आठवड्याला एकदा त्या वटारहून बसने निघत, नायगावला उतरत आणि पिशवीत सुकेळी, अळूवड्या, जे असेल ते घेऊन, काठीने पत्रा न् पत्रा ठोकत पूल ओलांडत. भाऊबीज असो की आजारपण, वाट तीच. पूल आहे तोवर भाऊ आहे, असा त्यांचा साधा हिशेब होता.

म्हणून तो पट्टा दिसला तेव्हा त्यांच्या काळजात चर्र झालं.

थंडीचे दिवस होते, सकाळची वेळ. पुलावर शिरताच समोरच्या उभ्या लोखंडावर हातभर रुंद पांढरा पट्टा. पुढे तिरक्यावर एक. त्याच्या पुढे पायाखालच्या पत्र्यावर फुली. एवढ्या जुन्या गंजक्या पुलाच्या अंगावर ते ताजं पांढरं बघून दुसरा कोणी म्हणाला असता, रंगवायला घेतला वाटतं. पण बाई वटारच्या वाडीत आयुष्य काढलेल्या. त्यांच्या वाडीत उभं झाड विकलं की व्यापारी खोडावर चुन्याचा पट्टा ओढून जायचा. पट्टा पडला की झाड आपल्या वाडीत, आपल्या पाण्यावर, पण दुसऱ्याचं. आणि याच रिवाजाची दुसरी बाजू अशी की झाडाला हात लागायच्या आत पट्टा पुसून टाकला तर सौदा मोडला. मग भांडण नाही, पंच नाहीत. बाईंच्या नवऱ्याने एकदा त्यांना न विचारता विहिरीजवळचा फणस लाकडाला विकला होता. सकाळी खोडावर पट्टा बघून बाईंनी दुपारच्या आत तो घासून काढला. व्यापारी आला, खोड बघितलं, चहा प्याला आणि परत गेला. नवरा महिनाभर फुगून बसला, पण फणस अजून उभा आहे.

"म्हंजे इकला," बाई पुलावर उभ्या राहून म्हणाल्या. "आख्खा पूल इकला मेल्यांनी."

पुढे एका कोनाड्यात रंगाचा डबा मांडीशी घेऊन एक तिशीतला माणूस पाव खात बसला होता. क्लिफर्ड त्याचं नाव. ओळखीचा नव्हता, पण बोलण्यावरून वसईचाच.

"काय रं बाबा, कोनी घेतला हा पूल?"

"घेतला म्हणजे? मला काय माहीत नाय मावशी. मॅडम खडूने खूण करतात, मी रंग मारतो."

"कोन मॅडम?"

"विरारच्या ऑफिसातल्या. नेत्रा मॅडम."

चंद्रकांताबाईंनी काठी घट्ट धरली. नेत्रा त्यांच्या सुनेचं नाव.

आता ही सून म्हणजे वाडीतली नव्हे. तिचे वडील साताऱ्याकडचे, मुंबईत नोकरी, नायगावच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. शिकून इंजिनीअर झाली, विरारच्या एका कंपनीत लोखंडी बांधकामांचं काही काम बघायची. भावेशने लग्न करून आणली तेव्हापासून बाईंनी तिच्यात खोट शोधायचा कसून प्रयत्न केला होता. पोरगी लवकर उठायची, उलटून बोलायची नाही, वाडीत पाणी सोडायलासुद्धा शिकली. इतकी चांगली वागते म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं बाईंचं ठाम मत होतं. आज ते कुठे मुरतंय ते दिसलं.

पण विचारायचं नाही. विचारलं की माणूस सावध होतो. बाई घरी आल्या, हातपाय धुतले आणि कान उघडे ठेवून बसल्या.

दोनच दिवसांत फळ मिळालं. मागल्या पडवीत नेत्रा फोनवर बोलत होती आणि बाई केळीच्या आड कढीपत्ता तोडत होत्या. कढीपत्ता गरजेपेक्षा बराच जास्त तोडला गेला. "हो, पट्टे मारलेलं सगळं कापून काढायचं," नेत्रा सांगत होती. "गॅस कटर लागेल. आणि प्लीज, आत्ताच कोणाला बोलू नका. बेटावर कळलं की उगाच गोंधळ होईल."

रात्री जेवताना बाईंनी गळ टाकला. "खाडीवरच्या जुन्या पुलाचं काय करनार म्हनतात गं?"

नेत्राच्या हातातला घास थांबला. "कोण म्हणतं, आई?"

"लोक."

"लोकांचं काय. ठरलं की कळेलच सगळ्यांना." आणि तिने भावेशला आमटी वाढली.

प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देणारा माणूस चोर, हे बाई अनुभवाने जाणत होत्या. भावेश खाली मान घालून जेवत होता. बायकोच्या ताटाखालचं मांजर ते, त्याला विचारून काय होणार?

त्या आठवड्यात बाई भावाकडे गेल्या त्या सगळं सांगायलाच. भालचंद्र ओट्यावर उन्हात गुडघे पसरून बसला होता. त्याने ऐकून घेतलं, तपकीर ओढली आणि म्हणाला, "अगं, पूल म्हातारा झाला. कदी तरी कोनी तरी हात लावनारच."

"तुला काय वाटत नाय? मी यायची कशी?"

"येशील गं. काय तरी होईल."

हा भाऊ लहानपणापासून असाच. कोणीही सांगावं आणि याने मान हलवावी. बाई चिडून आत चहा टाकायला गेल्या, फडताळ उघडलं, आणि तिथे त्यांना एक बरणी दिसली. झाकण काढून त्यांनी वास घेतला. शेंगदाण्याची चटणी, लसूण घातलेली, खलबत्त्यात कुटलेली. बेटावर ही चटणी करतं कोण? इथे सुका जवळा, इथे खोबरं. अशी चटणी बाईंच्या माहितीत एकच हात कुटायचा, आणि तो हात त्यांच्याच स्वयंपाकघरात होता.

"दादा, ही चटनी कुठची?"

भालचंद्र खाडीकडे बघायला लागला. "दिली कोनी तरी."

"कोनी?"

"आता मला काय याद हाय? खा ना थोडी, चांगली हाय."

बाईंनी खाल्ली नाही. परतीच्या वाटेवर त्या सुतावरून स्वर्गाला पोचल्या. सून आपल्याला न सांगता बेटावर येते. भावाला गोड-तिखट खाऊ घालते. का? आधी पूल मोडायचा, बेटाची वाट बंद करायची, म्हातारा एकटा पडला की त्याची वाडी अलगद हातात. नायगावला टॉवर उभे राहिले ते कोणाच्या मिठागरांवर? आणि भोळा भाऊ चटणीवर विकला गेला. त्यांना रडू आलं. पुलाच्या मधोमध त्या एका कोनाड्यात उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसून खरंच रडल्या. भावाचा राग आला, सुनेचा आला, आणि सगळ्यांत जास्त आपण म्हाताऱ्या झाल्याचा आला.

मग त्यांना फणस आठवला.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी बाई पुलावर हजर. पिशवीत घासायला नारळाचं सोडण आणि भावेशने खिडक्या रंगवताना आणलेल्या थिनरची बाटली. क्लिफर्ड जेवायला गेलेला होता. आधी त्या थेट बेटाच्या टोकाला गेल्या, कारण माहेराकडून सुरुवात करावी असं त्यांच्या मनाने घेतलं. तिथून एकेक पट्टा सोडणाने घासत त्या नायगावच्या दिशेने येऊ लागल्या. पायाखालच्या एका पत्र्यावर फुली होती. सवयीने त्यांनी आधी काठी ठोकली. आवाज बद्द आला. त्या पत्र्याला वळसा घालून कडेच्या लोखंडावर बसल्या आणि हात लांबवून फुली मात्र घासून काढली. समोरचा कोनाडा तोच होता ज्यात आईने त्यांना ढकललं होतं. "आये, बघ गं," त्या पुटपुटल्या. अर्ध्या पुलापर्यंत आल्या आणि थिनर संपलं. नायगावच्या बाजूचे पट्टे राहिले. राहू देत. अर्धा सौदा मोडला म्हणजे सगळाच मोडला.

घरी येऊन त्यांनी हात चिंचेने घासले, तरी वास गेला नाही. नेत्रा म्हणाली, "आई, थिनरचा वास कुठून येतोय?" बाई म्हणाल्या, "भावेशला इचार." पहिल्यांदाच त्यांना खोटं बोलावं लागलं आणि ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

सकाळी नेत्रा लवकर निघाली. "विरारला जातेय, ऑफिसला." पण बाईंनी फाटकातून बघितलं तर पोरगी विरारच्या उलट दिशेची बस पकडत होती. बाईंनी देवापुढचा दिवासुद्धा न लावता चपला घातल्या आणि मागची बस धरली.

त्या पुलाच्या तोंडाशी पोचल्या तेव्हा नेत्रा बरीच पुढे गेली होती. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात हातोडी. तिच्या मागे क्लिफर्ड चालला होता आणि त्याने डोक्यावर खुर्ची धरली होती. घरातली साधी हातांची खुर्ची. पुलावर खुर्ची कशाला? बाईंचं डोकं भणभणलं. कोणाला बसवणार आहेत हे खुर्चीत? दादाला? कुठे नेणार आहेत?

बाई पुलावर शिरल्या. कधी नव्हे ते भराभर चालत होत्या, पण हात आपलं काम करत होता. काठी पत्र्यावर पडत होती, ठण, ठण, ठण. मग फुली असलेल्या पत्र्यावर पडली, तर बद्द. बाई बाजूने गेल्या. पुढे उभ्या लोखंडावर पट्टा. जाता जाता काठीने त्यालाही टोला दिला, बद्द, आणि गंजाचा पापुद्रा सुटून खाली पाण्यात पडला. शेजारच्या बिनपट्ट्याच्या लोखंडाला मारला. ठण वाजलं.

बाई थांबल्या. पुन्हा मारून बघितलं. पट्टा तिथे बद्द, पट्टा नाही तिथे ठण. नारळाला टिचकी मारून आयुष्य गेलेल्या बाईला यापुढे कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. हा सौद्याचा पट्टा नव्हताच. जे कुजलं होतं तेवढंच कोणीतरी निवडून ठेवलं होतं.

आणि लगेच त्यांच्या अंगावर काटा आला. अर्ध्या पुलाच्या पुढे एकही खूण नव्हती. तिथला कुजका पत्रा आता चांगल्या पत्र्यासारखा दिसत होता, आणि नेत्रा त्याच्याच दिशेने चालली होती. मान वळवून ती मागच्या क्लिफर्डशी काहीतरी बोलत होती. पायाखाली बघायचं तिला कारण नव्हतं, कुठे पाय टाकायचा नाही ते तिने रंगवूनच ठेवलं होतं.

"नेत्राऽऽ!" बाई ओरडल्या.

त्याच क्षणी शेजारच्या पुलावर गाडी शिरली. सगळी खाडी धडधडली. बाईंना स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू आला नाही. त्या धावत सुटल्या. काठी हातातच राहिली, ठोकायचं भान राहिलं नाही. डब्यामागून डबे जात होते आणि ती पोर कुजक्या पत्र्याच्या अलीकडे...

नेत्रा थांबली. बाजूला वळली, जवळच्या कोनाड्यात शिरली, दोन्ही हातांनी लोखंड धरलं आणि निमूट उभी राहिली. क्लिफर्डही खुर्चीसकट तिच्या शेजारी घुसला. बेटावर जन्मलेली माणसं उभी राहतात तशीच ती उभी होती. हे तिला कोणी शिकवलं? भालचंद्राशिवाय कोण शिकवणार? धावता धावता बाईंच्या मनात आलं, दादा, तुला शंभर वर्षं आयुष्य मिळो.

शेवटचा डबा गेला. आवाज विरला. नेत्रा कोनाड्यातून बाहेर आली आणि पुढे पाऊल उचललं.

"नेत्रा! पाय टाकू नको!"

तिने मागे वळून बघितलं नाही. का, कशाला, कोण, काही विचारलं नाही. उचललेला पाय तसाच मागे घेतला आणि होती तिथे उभी राहिली. मग म्हणाली, "थांबले, आई."

बाई धापा टाकत पोचल्या. नेत्राने हातोडीचा दांडा उलटा धरून पुढच्या पत्र्यावर दाबला. पत्र्याचा कोपरा मोडला, लोंबकळला आणि खाली गेला. पाण्यात पडल्याचा आवाज जरा उशिराने आला. क्लिफर्डने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला.

"मॅडम, इथे मी फुली मारली होती. आईशपथ मारली होती! ते भंगारवाले असणार, मी सांगतो—"

"मी पुसली," बाई म्हणाल्या.

दोघं त्यांच्याकडे वळले.

"इथून बेटापर्यंत सगले मी पुसले. मला वाटलं पूल इकला. आमच्याकडे झाड इकलं की पट्टा मारतात." बाईंनी काठी सुनेकडे केली. "मला वाटलं तू इकलास."

नेत्राने हातोडीच्या दांड्यावरचा गंज पुसला. मग म्हणाली, "कुजलेले भाग कापून नवे बसवायचे म्हणून पट्टे मारले, आई. चालायची वाट टिकावी म्हणून मी ऑफिसात भांडले. तीन-चार महिने पूल बंद राहील, म्हणून मामांना तेवढे दिवस आपल्याकडे आणणार होते. किती वेळा येऊन विनवलं त्यांना. काल फोनवर हो म्हणाले. त्यांना बसवून उचलून आणायला ती खुर्ची आणलीय." तिने डोळे पुसले. "मला एकदा विचारायचंत ना."

"इचारलं असतं तर तू सांगितलं असतंस," बाई म्हणाल्या. "आनि माजा इश्वास बसला नसता."

"मामा हेच म्हणाले होते. चंदीला आधी सांगू नको, ती आधी तुझ्यावर संशय घेईल, मग माझ्यावर."

"मेला," बाई म्हणाल्या, पण त्यात राग नव्हता. त्यांनी खाली बघितलं. मोडलेल्या पत्र्याच्या भोकातून भरतीचं पाणी दिसत होतं. "आनि तू गं? मी नुसती ओरडले, तर थांबलीस? बघितलं पन नाय?"

नेत्राला प्रश्नच कळला नाही. "तुम्ही म्हणालात ना, पाय टाकू नको."

चंद्रकांताबाईंनी सुनेच्या पायाकडे बघितलं. एवढं आयुष्य झालं, त्यांच्या शब्दावर कोणी असं थांबलं नव्हतं, आणि त्याही कोणाच्या शब्दावर थांबल्या नव्हत्या. लाज वाटली त्यांना. आणि लाजेच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं.

बेटाच्या टोकाला ओट्यावर भालचंद्र धुतलेला सदरा घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेला लांबून दिसत होता. पुढची वाट सगळी बिनखुणांची. नेत्रा कडेच्या लोखंडावरून भोकाच्या पलीकडे गेली. हातोडीने पुढचे पत्रे वाजवले, वळली आणि हात पुढे केला.

"मी सांगते तिथे पाय ठेवा, आई. हा चांगला आहे."

बाईंनी सवयीने काठी उचलली. मग ती मागे उभ्या क्लिफर्डच्या हातात दिली, सुनेचा हात धरला आणि पाऊल टाकलं.